बैठकीला न येणारी माणसं

शोरूम बांधायचं असलं की ते वापरणारा माणूस पहिल्या दिवसापासून समोर बसलेला असतो. गाड्या कुठून आत घ्यायच्या, दर्शनी काच किती फूट हवी, उद्या वरचा मजला भाड्याने दिला तर जिना बाहेरून काढता येईल का, हे सगळं त्याने आधीच ठरवलेलं असतं आणि तो ते ठणकावून सांगतो. गोदामवाला ट्रकची उंची सांगतो. मंगल कार्यालयवाला सांगतो, एका पंगतीला किती पानं बसली पाहिजेत. आमची कंपनी सोलापुरात अशाच कामांवर उभी राहिली. चिंचोली एमआयडीसीतल्या शेड, होटगी रस्त्याकडची गोदामं, बँकांची ऑफिसं. अप्पांनी ती सुरू केली आणि मी डिग्री घेऊन त्यांच्या हाताखाली आले. गिऱ्हाईक काय म्हणतंय ते नीट ऐकायचं आणि तेच बांधून द्यायचं, हा त्यांनी दिलेला धंद्यातला पहिला धडा.

शाळेच्या कामाला हा धडा पुरत नाही. शाळेच्या बैठकीला संस्थेचे अध्यक्ष येतात, सचिव येतात, आर्किटेक्ट असतो, कधी कर्ज देणाऱ्या बँकेचा माणूस असतो. पहिलीतली मुलगी नसते. त्या इमारतीत वर्षाचे दोनशेच्या वर दिवस आणि वयाची आठ-दहा वर्षं जिला काढायची आहेत, तिला काय लागतं हे कोणी विचारत नाही. विचारलं तरी तिला ते नकाशाच्या भाषेत सांगता येणार नाही. मग तिच्या वतीने टेबलाभोवतीच्या कोणाला तरी बोलावं लागतं. आणि नुसतं बोलून भागत नाही, बोललेलं नकाशात आणि दरपत्रकात उतरावं लागतं. चांगल्या मनाने बोललेल्या, पण बीओक्यूत (कामांच्या, मापांच्या आणि दरांच्या यादीत) न आलेल्या गोष्टी इमारतीत येत नाहीत, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता बैठकीत कोणी "ते आपण बघून घेऊ" म्हणालं की मी लगेच वही काढते.

अप्पा शाळेचं काम घ्यायला राजी नव्हते. कारण सरळ पैशाचं होतं. दुकानाचा मालक बिल लवकर काढतो, कारण त्याचं भाडं अडलेलं असतं. संस्थेकडे पैसा येतो तो फीचा, म्हणजे जूनमध्ये आणि नंतर दिवाळीच्या पुढेमागे. मधल्या महिन्यांत काम पुढे जातं, आरए बिलं (झालेल्या कामाची टप्प्याटप्प्याने दिलेली बिलं) टेबलावर पडून राहतात आणि शनिवारचा मजुरांचा पगार काही थांबत नाही. आम्ही शेवटी बिलांचे टप्पे फीच्या महिन्यांना बांधून घेतले, पायाचं काम दिवाळीनंतर आणि फिनिशिंगचा मोठा टप्पा जूनला. हे सगळं करारात लिहिलं. ही गोष्ट कोरडी वाटेल, पण ज्या कंत्राटदाराच्या खिशात पुढच्या आठवड्याचा पगार नाही, तो सिमेंटची गोणी मोजायला लागतो. ते मोजणं शाळेच्या कॉलममध्ये झालेलं मला चालणार नाही.

पहिल्या शाळेचा नकाशा आला तेव्हा तो एखाद्या ऑफिसचा नकाशा असावा असाच होता. वॉश बेसिन मोठ्या माणसाच्या कमरेला, स्विचबोर्ड खांद्याला, संडासाच्या दाराची कडी त्याहून वर. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका निवृत्तीला आलेल्या बाई होत्या. बैठकीत त्या फारशा बोलल्या नाहीत. नंतर साइटवर आल्या त्या बालवाडीपासून चौथीपर्यंतची एकेक मुलं बरोबर घेऊनच. "अगं, तुझा नकाशा मला कळत नाही. तू यांना भिंतीला उभं कर आणि खुणा कर," म्हणाल्या. मिस्त्रींनी खडू घेतला. डोळा कुठे येतो, कोपर कुठे, हात वर केल्यावर बोटं कुठपर्यंत पोचतात, बाकावर बसल्यावर नजर कुठे येते. चुन्याच्या गोदामाच्या भिंतीवर त्या खुणांची रांग झाली आणि काम संपेपर्यंत प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार सगळे माप तिथूनच घेत राहिले. पहिलीतलं मूल साधारण पावणेचार फुटांचं असतं. बेसिनची कड त्याच्या कोपराच्या वर गेली की पाणी कोपरावरून बाहीत शिरतं, आणि दिवसभर ओली बाही घेऊन बसण्यापेक्षा मूल हात धुवायचं सोडून देतं. बाईंना हे तीसेक वर्षं वर्गात उभं राहून माहीत झालं होतं. आम्हाला ते कुठल्याच पुस्तकात शिकवलं नव्हतं.

कठड्यांचंही तसंच. मॉलमधून एक फॅशन आलीय, स्टीलचे आडवे पाइप एकावर एक. दिसायला छान दिसतात. पण मुलाला ती सरळ शिडी असते. शाळेत गज उभेच हवेत, आणि इतके जवळ की मूल डोकं घालू शकणार नाही. आम्ही चार इंचांच्या आत ठेवतो. खिडकीच्या जाळीलाही हाच नियम. जिन्याला मोठ्यांच्या हाताचा एक पाइप आणि त्याच्याखाली लहानांच्या हाताचा दुसरा. हा दुसरा पाइप दरपत्रकात वेगळ्या ओळीत नसेल तर शेवटच्या महिन्यात तो हमखास कापला जातो, म्हणून मी त्याला स्वतंत्र नंबर देते.

जिन्यावर सगळ्यात जास्त वाद होतो. घराच्या जिन्याला नियम १९० मिलिमीटरपर्यंत पायरीची उंची चालवून घेतो, पण शाळेला १५० च्या वर जाता येत नाही आणि पाऊल टाकायला ३०० मिलिमीटर द्यावे लागतात. अकरा फुटांचा मजला चढायला घरात अठरा पायऱ्या पुरतात, शाळेत तेवीस लागतात. रुंदी दीड मीटर. म्हणजे जिना लांबतो, रुंदावतो आणि नकाशात एका छोट्या खोलीएवढी जागा खातो. अध्यक्षांना ती वाया गेलेली खोली दिसते. त्यांनी मला एकदा विचारलं, "एवढा मोठा जिना कशाला, मॅडम? पोरं काय हळूहळू चढतील." पोरं हळूहळू चढत नाहीत. घंटा झाली की तीनशे जण एकाच मिनिटाला उतरतात. दुकानात किंवा ऑफिसात गर्दी दिवसभर पसरलेली असते, शाळेची गर्दी घंटेवर येते.

१६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत आग लागली. स्वयंपाकघरातून ती गवताच्या छपराला लागली, बाहेर पडायला धड वाट नव्हती आणि ९४ मुलं गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये शाळांच्या अग्निसुरक्षेबद्दल आदेश दिले. अध्यक्षांना मी कुंभकोणमचं सांगितलं आणि जिन्यावरची चर्चा तिथे संपली. आता आमच्या नकाशात दुसरा जिना, बाहेरच्या बाजूला उघडणारी दारं आणि वर्गांपासून वेगळं स्वयंपाकघर पहिल्या पानावर असतं. आणि एक गोष्ट आम्ही हस्तांतराच्या दिवशी तोंडी न सांगता लिहून देतो. दुसऱ्या जिन्याचं दार शाळेच्या वेळात कुलूप लावून ठेवायचं नाही. चांगला जिना बांधून त्याला कुलूप लावलेलं मी पाहिलंय.

भूकंपाबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी दुसरीत होते. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट, चारच्या सुमारास. सोलापुरातही भांडी वाजली, लोक रस्त्यावर आले. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशी घरं झोपलेल्या माणसांवर बसली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये तो तिसऱ्या, म्हणजे जास्त धोक्याच्या, पट्ट्यात गेला. शाळा त्या पहाटे रिकाम्या होत्या. २६ जानेवारी २००१ ला भूज हादरलं तेव्हा सकाळचे पावणेनऊ वाजले होते. प्रजासत्ताक दिन होता, कित्येक मुलं वर्गाबाहेर झेंडावंदनाला होती, पण अंजारच्या अरुंद गल्लीतून प्रभातफेरी काढलेली मुलं दोन्ही बाजूंच्या घरांखाली सापडली. ८ ऑक्टोबर २००५ ला काश्मीरचा भूकंप पुन्हा सकाळी पावणेनऊच्या सुमारास झाला. त्या दिवशी शाळा भरल्या होत्या. सीमेपलीकडच्या भागात हजारो मुलं वर्गांमध्येच गेली. किल्लारीची वेळ सकाळी अकराची असती तर काय झालं असतं, हा विचार आमच्या भागात शाळा बांधणाऱ्या प्रत्येकाने एकदा शांतपणे करावा असं मला मनापासून वाटतं.

भूकंपाच्या भारतीय मानकात साध्या दुकानाला महत्त्व-गुणक १ धरतात आणि शाळेला १.५. म्हणजे त्याच जागी, तेवढ्याच उंचीची शाळा दीडपट जोर धरून डिझाइन करायची. कॉलम जाड होतात, सळई वाढते. हे आकड्यांचं झालं. खरा धोका शाळेच्या रूपातच दडलेला असतो. वर्गाला सलग खिडक्यांची रांग हवी असते, म्हणून दोन कॉलममध्ये अर्ध्या उंचीपर्यंत विटांची भिंत आणि वर खिडकी. भिंत दोन्ही बाजूंनी कॉलमला घट्ट भिडलेली असते. जमीन हलते तेव्हा बाकीचे कॉलम पूर्ण उंचीत डोलतात, या कॉलमचा मात्र खिडकीशेजारचा आखूड तुकडाच मोकळा असतो. सगळा जोर त्याच्यावर येतो आणि तो तिरपा फुटतो. जगभरात भूकंपानंतरच्या शाळांचे फोटो पाहिले की हा तिरपा तडा पुन्हा पुन्हा दिसतो. यावर उपाय माहीत आहे आणि तो फार महागही नाही. एक तर भिंत आणि कॉलम यांच्यात फट ठेवून ती मऊ भरावाने बुजवायची, नाहीतर त्या कॉलमला खालपासून वरपर्यंत कमी कमी अंतरावर रिंगा (उभ्या सळयांना वेढणाऱ्या सळईच्या चौकटी) घालायच्या.

आणि रिंगेचं टोक. ते १३५ अंशांत वाकवून काँक्रीटच्या पोटात घालायचं असतं. सळई बांधणाऱ्याला ९० अंश सोपे पडतात, हात पटापट चालतो. त्याला मजुरी मिळते ती किलोवर, वाकवण्यावर नाही. म्हणून शाळेच्या कामात आम्ही सळईवाल्यांचा दर थोडा वाढवून देतो, आणि स्लॅब टाकायच्या आदल्या संध्याकाळी मी स्वतः हातात बॅटरी घेऊन रिंगा बघते. "मॅडम, आत गेल्यावर कोणाला दिसतंय?" असं एका जुन्या फिटरने मला अगदी प्रेमाने विचारलं होतं. त्याचा नातू कितवीत आहे ते मी विचारलं. तो काही बोलला नाही. पण त्या दिवशी उजाडेपर्यंत बसून त्याने उरलेल्या सगळ्या रिंगांची टोकं पुन्हा वाकवली.

शाळांना बांधकाम हवं असतं ते उन्हाळ्याच्या सुट्टीत. मे लागला की या, १५ जूनच्या आधी निघा. म्हणजे हातात सहा आठवडे. चालत्या शाळेत एक मजला चढवायचा म्हटलं की आम्हाला हिशेब मांडून दाखवावा लागतो. वर्गाची खोली साधारण वीस फूट रुंद, म्हणजे बीम सहा मीटरच्या जरासा वर. सहा मीटरच्या वरच्या बीमखालचे टेकू २१ दिवस काढायचे नाहीत. सेंट्रिंग आणि सळईला त्याआधीचे दिवस, नंतर वीटकाम, प्लास्टर, वायरिंग, फरशी. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ ला असतो. आजकालच्या मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस, खरं तर चौदा दिवस, पाणी हवं. वाफे करून, गोणपाट टाकून, टँकर बोलावून ते द्यावं लागतं. सुट्टी सिमेंटला बघून लागत नाही. म्हणून आम्ही एका सुट्टीत फक्त सांगाडा करतो आणि बाकीचं पुढच्या सुट्टीत. मधल्या वर्षात वर्ग चालू असतात, म्हणून साइटला पत्र्याचं पक्कं कुंपण, मालाच्या गाड्या शाळा भरायच्या-सुटायच्या वेळी बंद, आणि परीक्षांच्या दिवसांत काँक्रीट फोडायचा ब्रेकर अजिबात नाही. या अटींमुळे काही कामं आमच्या हातून गेली. जी कंपनी ४५ दिवसांत मजला देते म्हणाली, तिच्याकडे ती गेली. अप्पांनी तेव्हा पहिल्यांदा माझी बाजू घेतली. "जाऊ दे. टेकू काढायच्या दिवशी मला झोप लागली पाहिजे."

काचेबद्दल मी थोडक्यात आणि स्पष्टच लिहिते. सोलापूर, लातूर, धाराशिवसारख्या ठिकाणी पश्चिमेला काचेची आणि ॲल्युमिनियम पॅनेलची दर्शनी भिंत असलेली शाळा बांधू नये. ती प्रवेशासाठी आलेल्या पालकांसाठी असते. दुपारी दोनला त्या भिंतीमागच्या वर्गात बसणं काय असतं, हे बसणाऱ्यालाच कळतं. जुन्या दगडी शाळा बघा. समोर रुंद व्हरांडा, खाली शहाबादी फरशी, उंच खोल्या, समोरासमोर खिडक्या. बाक असे मांडलेले की उजेड डाव्या हाताने यावा, म्हणजे लिहिणाऱ्या हाताची सावली वहीवर पडत नाही. (डावखुऱ्या मुलाला मात्र दुसऱ्या बाजूच्या खिडकीजवळ बसवायला हवं.) आवाजाचंही तेच. काँक्रीटची छत, टाइल्सची जमीन आणि गुळगुळीत भिंती अशा खोलीत चाळीस मुलं बोलली की आवाज घुमत राहतो. शेवटच्या बाकावरच्या मुलाला शिक्षकांचे शब्द अर्धेच पोचतात आणि दिवाळीपर्यंत शिक्षकांचा घसा बसतो. मागच्या भिंतीला पूर्ण रुंदीचा मऊ बोर्ड लावला तरी बराच फरक पडतो. तो बोर्ड चित्रं टाचायलाही होतो, म्हणून संस्थेला पटकन पटतो.

"चांगला शिक्षक असेल तर झाडाखालीही शाळा भरते," असं एका विश्वस्तांनी मला ऐकवलं होतं. खरंच आहे. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये मुलींची शाळा भरवली ती पुण्यात भिड्यांच्या वाड्यात. तो वाडा शाळेसाठी बांधलेला नव्हता. कर्मवीरांच्या रयतेतल्या मुलांनी कष्ट करून शिक्षण घेतलं, त्यांनाही कोणी आयत्या इमारती दिल्या नाहीत. पण ती माणसं अडचणीत शिकवत होती कारण समोर दुसरा मार्ग नव्हता. आज कोट्यवधी रुपये खर्चून आपण मुद्दाम अडचण बांधावी, याला त्यांचा दाखला देता येत नाही. बांधकामवाल्याला शिक्षक घडवता येत नाही. शिक्षकाच्या आड न येणं मात्र त्याच्या हातात असतं.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला काय असलं पाहिजे ते दिलेलं आहे. प्रत्येक शिक्षकामागे एक खोली, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, अडथळ्याविना प्रवेश, खेळाचं मैदान, कुंपण. यातली स्वच्छतागृहाची ओळ कागदावर लवकर पूर्ण होते आणि प्रत्यक्षात सगळ्यात लवकर बंद पडते. पाण्याच्या हिशेबात ऑफिस आणि दिवसाची शाळा दोघांनाही माणशी ४५ लिटरच धरतात. पण ऑफिसात माणसं दिवसभरात केव्हाही जातात आणि शाळेत सगळे मधल्या सुट्टीच्या दहा मिनिटांत. वरची टाकी, पाइपांची जाडी आणि तोट्यांची संख्या त्या दहा मिनिटांवर ठरवली नाही तर सुट्टी संपताना नळाला पाणी नसतं. आमच्या शहरात तर पाणी रोज येतही नाही, म्हणून जमिनीखालची टाकी मोठी लागते. मुलींची स्वच्छतागृहं मैदानाच्या टोकाला ठेवायची जुनी सवय आहे, ती आम्ही मोडतो. वर्गाच्या मजल्यावर, जाता-येता बाईंची नजर पडेल अशी, पण दार थेट समोर उघडणार नाही अशी. आतून कडी नीट लागणारी, पॅड टाकायला झाकणाची पेटी, एक खुंटी आणि एक आरसा. खुंटीला फारसा खर्च येत नाही. दप्तर किंवा ओढणी ओल्या फरशीवर ठेवायची वेळ आली की मुलगी पाणी प्यायचंच कमी करते. मी अशाच एका शाळेत शिकले. घरी जाईपर्यंत पाणी न पिणं म्हणजे काय, ते मला आठवतं. पुरुषांनी भरलेल्या बैठकीत हे बोलताना सुरुवातीला जड गेलं. आता जात नाही.

राहिली शेवटची मुलं, ज्यांच्यासाठी आम्ही बांधतच नाही. आमच्याकडे विजयपूर, कलबुर्गीकडच्या मजुरांच्या टोळ्या येतात, आणि मराठवाड्यातूनही. नवरा सेंट्रिंगला, बायको घमेलं उचलायला, आणि पोरं वाळूच्या ढिगावर. शाळेच्या साइटवर हे बघवत नाही. बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्याने पन्नासहून जास्त बायका कामाला असल्या तर साइटवर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर लागायचं. आमच्याकडे तेवढ्या बायका कधी नव्हत्या, तरी आम्ही एक पत्र्याची खोली, पंखा आणि एका बाईचा पगार असं धरतो. हाही खर्च आता अंदाजपत्रकात नंबर घेऊन येतो. मोठ्या मुलांचं अवघड. शिक्षण हक्क कायद्याने दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि वयाप्रमाणे वर्ग द्यावा लागतो. सोलापूर महापालिकेच्या मराठीबरोबर कन्नड, तेलुगू, उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, हे या शहराचं मोठं भाग्य. आईबापाला वाटतं चार महिन्यांसाठी कशाला नाव घालायचं. मुकादमाला वाटतं हे नसतं लचांड. पण शाळांचा अनुभव चांगला आहे. नाव लगेच घेतात आणि टोळी निघाली की मागेल त्याच दिवशी दाखला देतात. तो दाखला पुढच्या गावी कोणी वापरला की नाही हे कळायला आम्ही मुकादमाला फोन करतो. काहींचा वापरला जातो. काहींचा नाही.

मुकादमाला उचल देतो त्याच दिवशी मी आता मुलांची यादी मागते. नाव, वय, घरी कोणती भाषा बोलतात. ती यादी साइटच्या फाइलमध्ये लेबर लायसन्सच्या मागे लावलेली असते. पुढचं काम अक्कलकोट रस्त्याला आहे, पुन्हा शाळेचंच. तिथून कन्नड माध्यमाची जवळची शाळा लांब पडते आणि मधे हमरस्ता आहे. रिक्षा लावायची म्हटलं तर तिचं भाडं कोणत्या नंबरखाली धरायचं, यावर माझं आणि अप्पांचं या आठवड्यात बोलणं चालू आहे. ते म्हणतात, मालाच्या वाहतुकीत टाक. मी म्हणते, वेगळी ओळ करू.